अनुदानाचा पैसा आणि वेगळे खाते

काशी विश्वनाथाचे मंदिर अहिल्यादेवी होळकर यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले, हे सर्वश्रुत आहे. तो पैसा कोणत्या खात्यातला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ म्हणजे राज्याचा महसूल आणि ‘खासगी’ म्हणजे राणीचे स्वतंत्र उत्पन्न. दानधर्म होई तो खासगीतून. दौलतीस धक्का लागत नसे. १९६२ मध्ये या धर्मादाय मालमत्तांसाठी खासगी न्यास स्थापन झाला. त्यालाही सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले. नाव खासगी, हिशेब मात्र सार्वजनिक!

आज वाराणसीच्या विणकर वस्तीत अभ्यासवर्ग चालविणाऱ्या लहान संस्थेपुढेही हाच प्रश्न येतो. विदेशी देणगी २०२० च्या कायदादुरुस्तीनुसार प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. तिच्यातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत लहान संस्थेपर्यंत पोहोचणारी वाट त्यामुळे बंद झाली. लहान संस्थांनी हा धक्का ओळखून देशी निधीकडे वळणे इष्ट. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते. ती झाल्यावर प्रत्येक अनुदानासाठी शाखेत स्वतंत्र बचत खाते उघडावे. वर्षअखेरीस विनियोग प्रमाणपत्र देताना सनदी लेखापालास खातेउताऱ्यावरूनच खर्च पडताळता येतो.