टॅबचा टॅबला निरोप

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात ट्रेकरच्या जेवणा-मुक्कामाची सोय करणारी मामी आणि वेबसाइट बनवणारी भाची यांचं हे बोलणं.

मामी : या टॅबात बारा ताटं नोंदवली, शेजारच्या टॅबात मात्र जुनाच आकडा. लॅपटॉप एकच, मग यांना एकमेकांचं कळत कसं नाही गं?

भाची : प्रत्येक टॅबची मेमरी वेगळी, मामी. सांगितल्याशिवाय एकाचं दुसऱ्याला कळत नाही.

मामी : मग सांगायचं सर्व्हरमार्फत?

भाची : त्याची गरज नाही. ब्राउझरात ‘ब्रॉडकास्ट चॅनल’ असतं. दोन्ही टॅबांनी एकाच नावाचं चॅनल उघडायचं, समजा ‘मुक्काम’. एकाने निरोप टाकला की त्याच वेबसाइटच्या बाकी टॅबांना तो मिळतो. सगळं ब्राउझरच्या आतच, त्यामुळे रेंज गेली तरी अडत नाही. २०२२ मध्ये सफारीतही ही सोय आली.

मामी : आणि तू ‘वर्कर’ म्हणतेस तो?

भाची : तो पडद्यामागे वेगळ्या थ्रेडवर काम करतो. वर्षभराचा हिशेब तिकडे चालू असला तरी पान अडकत नाही. त्याच्याशी ‘पोस्टमेसेज’ने बोलायचं. आकडे, तारखा, याद्या यांची प्रत जाते. फंक्शन पाठवलं तर एरर येते.

मामी : ब्राउझरच एवढं करतो, तर तू वापरतेस ती तयार कोडची लायब्ररी कशाला?

भाची : शनिवारची ताटं विचारली, पाठोपाठ रविवारची. आधी आलेलं उत्तर कुठल्या दिवसाचं? पोस्टमेसेज ते सांगत नाही. लायब्ररी प्रश्नावर खूण घालते : ‘क्रमांक ७, शनिवारची ताटं’. उत्तरावरही ७ असतो, म्हणून जोडी चुकत नाही. गूगलच्या क्रोम टीममधून आलेली ‘कॉमलिंक’ जेमतेम एक किलोबाइटची आहे. तिच्यामुळे वर्करमधलं फंक्शन आपल्याच पानातलं असल्यासारखं वापरता येतं.

मामी : निरोप आला तेव्हा टॅब बंद असला तर?

भाची : तर तो निरोप गेला. चॅनल काहीच साठवत नाही. म्हणून नोंद आधी ब्राउझरच्या ‘इंडेक्स्डडीबी’ या साठ्यात लिहायची आणि मगच ‘नोंद बदलली, वाचून घे’ एवढंच कळवायचं. टॅब नव्याने उघडला की त्याने आधी साठा वाचायचा.

मामी : आणि दोन्ही टॅबांनी शेवटची जागा एकदमच दिली तर?

भाची : जागा तपासणं आणि नोंद लिहिणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायचं. पहिलं पूर्ण होईपर्यंत दुसरं थांबतं, मग त्याला जागा भरलेली दिसते.

मामी : माझ्या मोबाइलवरही दिसेल?

भाची : नाही, तिथे सर्व्हर हवाच. हे चॅनल एका ब्राउझरपुरतं.

मामी : मग सगळं नीट चाललंय, हे ओळखायचं कसं?

भाची : मी निरोप मुद्दाम बंद करून बघते. दुसऱ्या टॅबात आकडा उशिरा दिसला तर चालेल; पण साठ्यातला हिशेब चुकता कामा नये. तो बरोबर राहिला, तरच रचना पक्की.