सोनू, शिखराला भुलू नकोस

सोनू, मुलुंडला कालिदासच्या तलावात तू पहिल्यांदा उडी मारलीस आणि पोटावर आपटलीस, आठवतं? पोट लालबुंद झालं होतं. नंतर हात जोडून सूर मारायला शिकलीस, मग काही लागेना. पवईला तुझं एम.टेक.चं काम चाललंय ते यावरच, फक्त पोटाच्या जागी जहाजाचा तळ.

तळाचा पाण्याशी कोन १० अंश आणि आपटण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर क्षणभर सहा वातावरणांएवढा दाब येतो. कोन ३० अंश कर, दाब दहाव्या हिश्श्याच्याही खाली जातो. वर्सोव्याच्या नाखव्यांनी होडीची नाळ निमुळती ठेवली ती काही समीकरण मांडून नव्हे.

तू मात्र मांड, आणि कागदावरच. फॉन कार्माननं १९२९ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी हिशोब केला, पण पाणी सपाटच राहतं असं धरून. वाग्नरनं १९३२ मध्ये कडेनं वर चढणारं पाणी धरलं, तर भिजलेली रुंदी १.५७ पट निघाली. कोन लहान ठेवून तुझ्या मॉडेलमधली ताठ पाचर वाग्नरच्या हिशोबाशी जुळत नसेल, तर तळाच्या लवचिक पत्र्याला हात लावू नकोस. अगदी सपाट तळाला हे सूत्र लावू नकोस. तिथे हवा अडकते आणि गादीसारखी दबते.

पुढे कॉम्प्युटरवर पाण्याचा आणि पत्र्याचा हिशोब एकाआड एक चालवतेस ना? पत्र्याबरोबर हलणारं पाणी पत्र्यापेक्षा जड झालं की आकडे फुटतात. टाइमस्टेप लहान केलीस तर आणखी लवकर फुटतात! मी यात कित्येक आठवडे घालवलेत. एकाच टाइमस्टेपमध्ये दोघांना एकमेकांची उत्तरं पुन्हा पुन्हा दाखव, आणि पत्र्याची नवी जागा पाण्याला एकदम न देता थोडी थोडी दे.

राहिलं दाबाचं शिखर. मेश बारीक करत गेलीस की ते वाढत जातं आणि आलेखात झकास दिसतं. पण ते बोटभर जागेत असतं, निमिषभर टिकतं. पत्र्याला त्याची दखल घ्यायलाही सवड नसते. आपटण्याचा काळ आणि ओल्या पत्र्याचा स्वतःचा आवर्तकाल यांचं गुणोत्तर काढ. कोरड्या पत्र्याचा काढून चालणार नाही, पाण्यात तो मंदावतो. आणि गाइडना दाब दाखवण्याआधी पत्र्यातला ताण दाखव.

पवई तलावासमोरच इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचं मुख्य कार्यालय आहे. त्यांचे नियम चाळून बघ, तळाच्या पत्र्यावर दाब कसा धरतात ते. रविवारी येशील तेव्हा आवर्तकाल हातानं काढून आण, लॅपटॉप नको.