काविळीचा विषाणू ‘ब’ : चार चौकटींचे गणित



भोकरदन-जाफराबादकडील भिल्ल वस्त्यांवर बैठक घेताना मी काडीने मातीत चार चौकटी आखते आणि माणसांच्या जागी चिंचोके ठेवते. पहिल्या चौकटीत हिपॅटायटिस ‘ब’ न झालेले व लसही न मिळालेले. दुसरीत नुकती लागण झालेले. तिसरीत विषाणू अंगात कायम राहिलेले, म्हणजे वाहक. चौथीत बरे झालेले किंवा लसीने सुरक्षित झालेले. रोगप्रसाराचे गणिती प्रारूप म्हणतात ते मुळात हेच.

दुसऱ्या चौकटीतला चिंचोका पुढे कोठे जाईल, हे वयावर ठरते. 100 प्रौढांना लागण झाली तर पाचांहून कमी वाहक होतात. जन्मताना आईकडून लागण झालेल्या 100 बाळांपैकी मात्र सुमारे 90 वाहक होतात. हा संबंध ब्रिटनमधील एडमंड्स, मेडली व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये सूत्रात मांडला. वाहकाला वर्षानुवर्षे त्रास जाणवत नाही. पण रक्तातून, शरीरसंबंधातून, गोंदणाच्या किंवा इंजेक्शनच्या वापरलेल्या सुईतून लागण पुढे जाते. पुढे यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोगही होऊ शकतो.

आता दुसरे गणित. समजा, कोणीच सुरक्षित नसताना एका रुग्णाकडून सरासरी दोघांना लागण होते. अर्ध्याहून अधिक लोक सुरक्षित झाले, तर हा आकडा एकाच्या खाली येतो आणि रोग ओसरू लागतो. तिघांना होत असेल, तर दोन-तृतीयांशाहून अधिक सुरक्षित हवेत. म्हणून आपल्या बाळाची लस शेजारच्या बाळाचेही रक्षण करते.

परंतु जन्मताना झालेली लागण दीड महिन्यानंतरच्या डोसाने पुसली जात नाही. म्हणून पहिला डोस 24 तासांच्या आत हवा. ही लस 2011 पासून देशभरच्या शासकीय लसीकरणात आहे. पुढचे डोस 6, 10 व 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून मिळतात.

अडचण येते ती ऊसतोडीच्या हंगामात. अंबड-घनसावंगीकडचे कोयते दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. बाळंतपण कोपीवर झाले, तर ते 24 तास हातचे जातात. म्हणून निघण्यापूर्वीच गरोदर बहिणीची ‘ब’ची रक्ततपासणी करून घ्या, कार्ड सोबत द्या आणि फडाजवळचे आरोग्य केंद्र विचारून ठेवा. आई वाहक असेल, तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचेही इंजेक्शन लागते. वेळ टळलीच, तरी पुढचे डोस चुकवू नका. वाहकांची तपासणी व उपचार 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत.

आणि वाहकाचे ताट-पाणी वेगळे करू नका. एकत्र जेवल्याने हा रोग पसरत नाही.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपल्या वस्तीवर यंदा किती गरोदर बहिणी ऊसतोडीला जाणार आहेत?
2. बाळ घरीच जन्मले, तर 24 तासांत त्याला केंद्रावर कोण नेईल?