न्यायसहायक मानसशास्त्र : पदवीच्या पायरीवरील अभ्यास

कुर्डुवाडी जंक्शनवर पुणे-सोलापूर आणि मिरज-लातूर हे लोहमार्ग एकमेकांस मिळतात. समजा, तेथील फलाटावर एका प्रवाशाची पेटी चोरीस गेली. तिघांनी चोर पाहिला. एकाच्या मते त्याचा सदरा पांढरा होता, दुसऱ्याच्या मते पिवळसर; तिसऱ्यास सदरा आठवतच नाही. तिघेही प्रामाणिक आहेत. मग खरे कोणाचे मानावे? न्यायसहायक मानसशास्त्राचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.

गुन्हेगाराचे मन ओळखण्याची विद्या, असा या विषयाबद्दल तरुणांचा समज असतो. वास्तविक साक्षीदाराचे स्मरण, बालकांचे जबाब, आरोपीची मानसिक अवस्था आणि बंद्यांचे पुनर्वसन ही त्याची प्रमुख अंगे होत. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या चित्रफिती दाखविल्या. मोटारी ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे विचारलेल्या गटाने सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितले. ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचा शब्द ऐकलेल्या गटाने सुमारे ३२ मैल. चित्रफिती त्याच होत्या. बदलला तो प्रश्नातील एक शब्द.

यंत्रांवरील भरवशासही मर्यादा आहेत. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत्-आलेखाची चाचणी इतर पुराव्यांबरोबर ग्राह्य धरली व त्याची जगभर चर्चा झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असा निर्णय दिला.

शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. अत्याचारग्रस्त बालक पुष्कळदा प्रथम बोलते ते शिक्षिकेपाशी. अशा वेळी ‘अमक्यानेच केले ना?’ असे विचारू नये. ‘काय झाले, ते सांग’ एवढेच म्हणावे, बालकाचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि चार माणसांपुढे ते पुन्हा वदवून घेऊ नयेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अशी माहिती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. जबाब बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावा, तो घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असेही हा कायदा सांगतो. उतावळेपणाने विचारलेला पहिला प्रश्न पुढे खऱ्या साक्षीलाही दुबळी करू शकतो.

या अभ्यासाचे दोन मार्ग आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पदवीस मानसशास्त्र घेऊन स्मरण, बालविकास, मनोविकृती व संख्याशास्त्र यांचा पाया पक्का करावा. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांसाठी मुंबई, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत पदवी अभ्यासक्रम आहे. केवळ पदवीने मात्र कोणी न्यायालयापुढील तज्ज्ञ होत नाही. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण व प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक ठरते, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे.

तरीही पदवीचा हा अभ्यास वाया जात नाही. कुर्डुवाडी परिसरातील एखादी विद्यार्थिनी पुढे तज्ज्ञ न होता शिक्षिका किंवा ग्रामपंचायत अधिकारी झाली, तरी प्रश्न कसा विचारावा व उत्तर कसे ऐकावे, हे तिला ठाऊक असेल. न्यायाच्या कामी ही जाण मोलाची आहे.