एक एपिसोड, नऊ प्रेक्षक आणि एक प्रश्न

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं वैर आहे. तरीही हा लेख मी इंग्लिश सेक्शनला दिला नाही, कारण तो ज्या गप्पांवर आहे त्या गप्पा मराठीत झाल्या. मेसच्या मावशींचं वाक्य इंग्रजीत लिहायचं म्हटलं तर त्यातला जीवच जाईल! पद्धत मात्र आपली जर्नलचीच ठेवली आहे, म्हणजे सबमिशनच्या सवयीत खंड नको.

उद्देश

एका विज्ञानकथा मालिकेचा एक भाग बघून आपल्या होस्टेलमधल्या मुलींना काय वाटतं, ते नोंदवणे. मी हा भाग अकरावीत पाहिला होता आणि खूप रडले होते. रडणारी मी एकटीच आहे की काय, हे मला तपासायचं होतं. उद्देश इतकाच होता.

साहित्य

एक लॅपटॉप, एक स्पीकर, दोन किलो भाजलेल्या शेंगा, आणि 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा 'व्हिन्सेंट अँड द डॉक्टर' हा भाग. बीबीसीवर तो 5 जून 2010 रोजी दाखवला गेला. लेखक रिचर्ड कर्टिस, म्हणजे 'नॉटिंग हिल' सिनेमा लिहिणारे. डॉक्टरचं काम मॅट स्मिथने केलं आहे आणि व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं टोनी करनने.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. डॉक्टर हा परग्रहावरचा माणूस, काळातून प्रवास करणारा. तो आणि त्याची मैत्रीण एमी पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात व्हॅन गॉगची चित्रं बघत असतात. ओव्हेरच्या चर्चच्या चित्रात, खिडकीत त्यांना एक विचित्र तोंड दिसतं. म्हणून ते थेट 1890 मध्ये जातात. तिथे एक राक्षस असतो, आणि तो फक्त व्हिन्सेंटला दिसतो. गावाच्या लेखी व्हिन्सेंट वेडा. शेवटी राक्षस मरतो आणि कळतं की तो आंधळा होता, त्याच्या कळपाने त्याला मागे टाकलं होतं. मग डॉक्टर व्हिन्सेंटला 2010 च्या पॅरिसमध्ये आणतो. भिंतीभर स्वतःची चित्रं, समोर गर्दी, आणि बिल नायने रंगवलेला तज्ज्ञ सांगतोय की हा जगातला सगळ्यात मोठा चित्रकार. व्हिन्सेंट ढसाढसा रडतो. त्याला परत सोडून एमी धावत संग्रहालयात येते. तिला वाटतं आता शेकडो नवी चित्रं असतील. पण एकही नवं चित्र नसतं. व्हिन्सेंटने सदतिसाव्या वर्षीच आयुष्य संपवलेलं असतं. फक्त सूर्यफुलांच्या फुलदाणीवर एमीचं नाव आलेलं असतं.

कृती

शनिवारी रात्री जेवणानंतर आठ मुली एका खोलीत कोंबल्या. डबिंग नव्हतं, त्यामुळे अवघड जागी थांबवून मी मराठीत सांगत होते. अर्ध्यात मेसच्या मावशी रिकामी पातेली मोजायला आल्या, "काय बघायलाव गं?" म्हणाल्या आणि दारातच बसल्या. एकूण प्रेक्षक नऊ. मी वही घेऊन कोपऱ्यात.

निरीक्षणे

एक. आठपैकी पाच जणी संग्रहालयाच्या प्रसंगाला रडल्या. म्हणजे माझं बरोबर होतं!

दोन. दोघी राक्षसाला हसल्या. त्यांच्या मते ती मोठी कोंबडी होती. गंमत म्हणजे या भागाचं कौतुक करणाऱ्या अनेकांनीही राक्षस कच्चाच आहे, असं म्हटलं आहे. तरी 2011 साली विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनांत हा भाग होता.

तीन. इलेक्ट्रिकलच्या ताईंनी सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. "हा स्वतःला डॉक्टर म्हणवतो ना? काळाची गाडी दाराशी उभी आहे. मग संग्रहालयात कशाला नेलं? सायकियाट्रिस्टकडे न्यायचं!" सगळ्या हसल्या. मी मात्र हा प्रश्न वहीत अधोरेखित केला.

चार. एक जण म्हणाली, "जीनियस लोकांचं असंच असतं. दुःख होतं म्हणून तर चित्रं एवढी भारी." दोन-तीन माना हलल्या.

पाच. मावशींना इंग्रजी कळत नाही. त्यांनी शेवट बघितला आणि विचारलं, "लेकरू लई रडायलंय. त्याचं घरचं कुणी नव्हतं का?"

सहा. माझी रूममेट काहीच बोलली नाही. शेंगांची टरफलं गोळा करून निघून गेली.

चर्चा

आता खरा व्हॅन गॉग काय होता ते बघू. रविवारी मी वाचत बसले, आणि एपिसोडपेक्षा तेच जास्त डोक्यात राहिलं.

त्याचा जन्म 30 मार्च 1853 चा, हॉलंडमधला. 1880 च्या सुमारास, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो चित्रकलेकडे वळला. दहा वर्षांत साडेआठशेच्या आसपास तैलचित्रं काढली. 29 जुलै 1890 रोजी गेला. मालिकेने स्थळांची थोडी खिचडी केली आहे. कॅफे आर्लमधला, म्हणजे दक्षिणेचा. आणि चर्च ओव्हेरचं, पॅरिसच्या जवळचं.

'दुःखामुळे कला' हे तर अजिबात टिकत नाही. आजाराचे जोरदार झटके यायचे तेव्हा त्याचं काम बंद पडायचं. बरं वाटलं की तो पुन्हा ब्रश उचलायचा. त्याची पत्रं वाचली तर कळतं की हा माणूस रंगांचा अभ्यास आपण फॉर्म्युल्यांचा करतो तसा करायचा. निळ्याशेजारी नारिंगी का, जांभळ्याशेजारी पिवळा का, याचा हिशोब त्याच्याकडे होता. चित्रं आजाराने काढली नाहीत, आजार असूनही त्याने काढली.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. आपल्याला वाटतं, जगाने कौतुक केलं असतं तर तो वाचला असता. पण कौतुक सुरू झालं होतं! जानेवारी 1890 मध्ये आल्बेर ऑरिए या समीक्षकाने त्याच्यावर भरभरून लिहिलं, आणि त्याने ते वाचलं होतं. त्याच सुमारास ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याचं 'लाल द्राक्षमळा' हे चित्र 400 फ्रँकला विकलं गेलं. मार्चमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची दहा चित्रं लागली. आणि जुलैमध्ये तो गेला. म्हणजे टाळ्या हे औषध नाही. एपिसोडचा शेवट मला आधी क्रूर वाटायचा, आता तो प्रामाणिक वाटतो.

हे आपल्याला लागू होतं, म्हणून लिहिते. 'ऑल क्लिअर झालं की बरं वाटेल', 'एकदा प्लेसमेंट झाली की सगळं ठीक होईल' असं आपण एकमेकींना सांगतो. काहींना वाटतंही. पण ज्याला आजार आहे त्याला निकालपत्र पुरत नाही, उपचार लागतात. ताईंचा प्रश्न म्हणूनच बरोबर होता. 1890 मध्ये आजच्यासारखी औषधं नव्हती, आज ती आहेत.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर: होतं, मावशी. त्याचा धाकटा भाऊ थिओ होता. पैसे पाठवायचा, रंग पाठवायचा, पत्रं लिहायचा. व्हिन्सेंट गेल्यावर सहा महिन्यांतच थिओही गेला. मागे राहिली थिओची बायको, जो. कडेवर वर्षाचं बाळ आणि घरभर कुणी विकत न घेतलेली चित्रं. तिने ती जपली, प्रदर्शनं भरवली, आणि 1914 मध्ये पत्रं छापून आणली. व्हिन्सेंटला आपल्या काळात आणलं ते जोने. तिच्याकडे काळाची गाडी नव्हती, चिकाटी होती. आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी, चाळीस फूट लांबीची, चारशे वर्षांनंतर शिल्लक आहे ती याचमुळे. घरातल्या कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळली.

प्रयोगात न धरलेली गोष्ट

हा भाग रूममेटला विचारून लिहितेय.

त्या रात्री लाईट गेली म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. ती म्हणाली, "त्याला एवढं सगळं दाखवून आणलं. तरी तो गेलाच. मग नेऊन उपयोग काय झाला?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. एपिसोडमध्ये डॉक्टर एमीला चांगल्या-वाईट गोष्टींच्या ढिगांबद्दल जे सांगतो, ते मी घडाघडा सांगायला लागले. तिने मधेच थांबवलं. "आमचे काका दिवाळीला आले होते. हसत होते. मी पहिल्या वर्षाला जाणार म्हणून मला पेन दिला. तिसऱ्या दिवशी गावाकडून फोन आला."

मी गप्प बसले. आपल्या जिल्ह्यात अशा फोनची गोष्ट फार घरांत आहे. आपण पेपरमध्ये कर्ज, पाऊस, भाव वाचतो आणि कारण सापडलं असं समजतो. तिच्या घरी मात्र कारण कुणालाच सापडलं नव्हतं. ती दोन वर्षं एकच हिशोब करत होती: मी त्या दिवशी काय बोलायला हवं होतं?

मेकॅनिकलवाल्यांना फटीग माहीत असेल. लोखंड एका दणक्याने तुटतंच असं नाही. छोटे छोटे भार हजारदा येतात, आत बारीक भेग वाढत जाते आणि एक दिवस साध्या भाराने तुकडा पडतो. तो शेवटचा भार म्हणजे कारण नव्हे. मी तिला एवढंच म्हणाले, की तू पेन घेतलास, हसलीस, हे वाया गेलं नाही, आणि तुझ्यामुळे काही तुटलंही नाही. बरोबर बोलले की नाही, माहीत नाही. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "पेन अजून कपाटात आहे. टोपणसुद्धा काढलं नाही."

परवा जर्नल लिहिताना तिच्या हातात निळा पेन होता. तोच का, ते मी विचारलं नाही.

निष्कर्ष

भेग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इंजिनिअर तुकडा न तोडता तपासायच्या पद्धती वापरतो, ध्वनिलहरी आत पाठवून ऐकतो. माणसाच्या बाबतीत ही पद्धत म्हणजे विचारणं. "तुला जगणं नकोसं वाटतंय का?" असं सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. विचारून झालं की ऐकायचं, माझ्यासारखं भाषण सुरू करायचं नाही. आणि एकटीने डॉक्टर व्हायचं नाही, खऱ्या डॉक्टरकडे सोबत जायचं.

बीबीसीने हा भाग संपल्यावर मदतीचा फोन नंबर सांगितला होता. कोंबडीसारख्या राक्षसाच्या गोष्टीनंतर हे केलं, याचं मला कौतुक वाटतं. म्हणून मीही सांगते. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. स्वतःसाठी नको असेल तर शेजारच्या बाकासाठी.

आणि हो, एपिसोड पुन्हा दाखवायचा आहे. या वेळी मावशी सुरुवातीपासून बसणार आहेत. शेंगा त्या आणणार!