मांजराचा ओरखडा सुजला तर

भाताच्या कणगीभोवती उंदीर, म्हणून आपल्या घरी मांजर हवे. शेताच्या राखणीला कुत्रा हवा. मग कधीतरी नख लागायचेच. आपण हात झटकून पुन्हा चिखलात उतरतो.

गेल्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, एक आजी हाताला फडके गुंडाळून माझ्या दारात आल्या. "फादर, मांजराने जरासे ओरबाडले, आज पाच दिवस झाले." फडके सोडले तर चुना-हळदीचा लेप सुकून त्याचे कवच झालेले, खाली पू, मनगटापर्यंत लाली आणि काखेत अवधाण.

असे का होते? मांजर पंजे चाटते, मातीत उकरते, अंगावरच्या पिसवा खाजवते. त्यामुळे तोंडातले, मातीतले आणि पिसवांच्या घाणीतले जंतू नखांवर बसतात. नख बारीक व वाकडे. वरची कातडी लवकर मिटते आणि जंतू आत कोंडले जातात. काही जंतू एका दिवसात हात ठणकवतात, तर काहींमुळे एक ते तीन आठवड्यांनी काखेत गाठ येते. लेप लावल्याने हे दार अधिकच बंद होते. तंबाखू, शेण, रॉकेल, तिखट यांचेही तेच. शेणामातीत तर धनुर्वाताचे जंतू असतात.

ओरखडा उमटताच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावा. नळ नसेल तर दुसऱ्याने तांब्याने धार धरावी. पंधरा मिनिटे फार वाटतात, पण रेबीजच्या विषाणूवर चरबीचे आवरण असते आणि साबण ते मोडतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावून जखम शक्यतो उघडी ठेवावी.

सूज येऊ लागली तर आधी अंगठी व बांगड्या काढाव्यात. हात उशीवर उंच ठेवावा व सोसवेल अशा कोमट मिठाच्या पाण्याने शेकावा. पिळू नये. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, पू दिसला, वर चढणारी लाल रेषा उमटली किंवा बोट वाकेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी तर रेघेचीही वाट पाहू नये. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे.

आता खरी धास्तीची गोष्ट. सुजेचा आणि रेबीजचा संबंध नाही. सूज उतरली म्हणून तो धोका टळत नाही, आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. रक्त आले असेल तर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी भीती काहींच्या मनात अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडात इंजेक्शन मिळते: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत द्यायच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची फेरी वाचते. उशीर झाला असला तरी जावे.

ओरबाडणारे मांजर किंवा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, मात्र लस त्यासाठी थांबवू नये. प्राणी दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढचे डोस कमी करायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. तो मेला किंवा नाहीसा झाला तर त्यांना लगेच कळवावे.

शेजारच्या गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना गावोगावी लस टोचली गेली आणि २०२१ साली ते देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. आपणही गुरांच्या डॉक्टरांकडे जाताना कुत्र्या-मांजराला विसरू नये. लस दरवर्षी द्यावी लागते.

आजींचा पू डॉक्टरांनी काढला. बोटे पुन्हा मिटू लागायला तीन आठवडे गेले, आणि त्यांच्या वाट्याची लावणी शेजारणींनी केली. मांजर दहाव्या दिवशीही चुलीपाशीच झोपलेले होते.