बाजरीत तुरीचे आंतरपीक

अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्यांस बाजरीत तूर घेणे नवीन नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी तुरीचे मूठभर बी बाजरीच्या बियाण्यात मिसळूनच पेरले जाते. अशा शेतात तूर कोठे दाट तर कोठे विरळ उगवते, कोळपणी नीट होत नाही व बाजरी कापताना तुरीची झाडे विळ्याखाली जातात. त्याऐवजी बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ, अशी पेरणी करावी.

तिफणीने हे सहज साधते. चाड्यातील मधल्या फणाचे छिद्र बोळ्याने बंद करावे आणि त्या फणामागे नळी बांधून तीतून तुरीचे बी सोडावे. कडेच्या फणाने तूर पेरू नये; तिफण वळवून परत आणताच तुरीशेजारी तूर येते व सारा हिशेब बिघडतो. ओळींतील अंतर ३० सेंटिमीटर असल्यास तुरीच्या दोन ओळींत ९० सेंटिमीटर अंतर राहते.

तिसरी ओळ गेल्याने बाजरी घटेल, ही शंका रास्त आहे. घट होते, पण ती तिसऱ्या हिश्शाइतकी नसते. तूर पहिले दीड-दोन महिने सावकाश वाढते, त्यामुळे बाजरीस उजेड व ओल अधिक मिळते. बाजरी तीन महिन्यांत निघते. तूर खोल मुळांच्या बळावर परतीच्या पावसाचा लाभ घेते. एका पिकास पावसाने दगा दिला तरी दुसरे हाती लागण्याची आशा राहते. शिवाय २०२३-२४ मध्ये हमीभाव बाजरीस क्विंटलला २,५०० रुपये, तर तुरीस ७,००० रुपये होता.

तुरीमुळे त्याच हंगामात बाजरीस भरपूर नत्र मिळते, असे सांगितले जाते, ते फारसे खरे नाही. तुरीच्या पालापाचोळ्याचा लाभ पुढील पिकास होतो. म्हणून बाजरीचा वरखताचा हप्ता चुकवू नये. तो बाजरीच्याच ओळींना द्यावा.

हलक्या, मुरमाड जमिनीत मात्र तूर घेऊ नये. तेथे बाजरीत मटकी बरी.

खरा घात बाजरी काढल्यानंतर होतो. शिवार मोकळे झाले असे समजून गुरे सोडली जातात आणि कोवळी तूर फस्त होते. एकट्याने राखण करणे कठीण, यास्तव लगतच्या शेतकऱ्यांनी मिळून तूर घ्यावी व राखणही वाटून घ्यावी. बाजरी निघताच मोकळ्या पट्ट्यांत कोळपे फिरवून ओल राखावी आणि फुलोऱ्यापासून घाटेअळीवर लक्ष ठेवावे.